लालबागला सांगितलेलं एका अमेरिकन बाईचं चरित्र

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव सांगितलं की ऐकणारा आधी म्हणतो, "नाही बुवा ऐकलं," आणि मग बोलणं नावावरच अडून बसतं. ती अमेरिकन आहे, कादंबऱ्या लिहिते, आणि मुंबईत तिला वाचलेली माणसं माझ्या माहितीत दोनच. एक मी, आणि दुसरं ज्यानं कुणी तिची पुस्तकं विकून टाकली ते. फोर्टातल्या फुटपाथवर तिच्या तीन कादंबऱ्या एका सुतळीत बांधलेल्या मला मिळाल्या. विकणारा सुट्या द्यायला तयार नव्हता, म्हणून मी तिन्ही घेतल्या.

तिसऱ्या पुस्तकाला तिच्या एका मैत्रिणीनं लांबलचक प्रस्तावना लिहिली होती, तिच्यात तिचं सगळं आयुष्य होतं. खरं सांगायचं तर कादंबऱ्यांपेक्षा ती प्रस्तावनाच मी जास्त वेळा वाचली. नदीकाठचं एक गाव, गावात कापडाच्या गिरण्या. बाप बोटीवर कामाला गेला तो परत आला नाही. आई गिरणीत, आणि दहाव्या वर्षी मुलगीही गिरणीत. वाचायला तिला शिकवलं घरात खोली घेऊन राहणाऱ्या एका म्हाताऱ्या भाडेकरणीनं. एकोणिसाव्या वर्षी ती शहरात पळाली आणि एका वर्तमानपत्रात प्रुफं तपासायला लागली. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करता करता तिला कळलं की आपल्यालाही लिहिता येईल. तिशी ओलांडल्यावर पहिली कादंबरी आली. ती खपली. मग नाव, पैसा, लग्न, आणि लग्न मोडणं. चौथी कादंबरी तिनं गावातल्या संपावर लिहिली आणि गावानं तिच्याकडे पाठ फिरवली. त्यानंतर बारा वर्षं तिनं एक ओळही छापली नाही. आणि मग साठीला आल्यावर शेवटची कादंबरी, ही प्रस्तावना जिला होती ती.

हे सगळं मी माझ्यापाशीच ठेवलं होतं. तशी सवयच आहे. माझी शाळा नन्सची, आणि तिथं मराठी आठवड्यातून तीन तास, तेही दुपारच्या डब्यानंतर. गिरगावात आमच्या घरी मराठीच बोलतात, पण वडिलांकडची माणसं मुळात बोलतात कमी. आजोबा, वडील, काका, सगळे ऑफिसातले. "हळू" हा आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द. विचारलं तेवढंच सांगावं, आणि तेही एका वाक्यात सांगावं, हे मी तिथं शिकले.

आईचं माहेर मात्र लालबागचं. चाळीत दोन खोल्या, एक मामा, एक मामी, आणि दारासमोरून दिवसभर जाणारी येणारी माणसं. तिथं पाऊल टाकलं की आईची भाषा बदलते. गिरगावात "कुठे" म्हणणारी आई जिना चढता चढताच "खय" म्हणायला लागते. मला मालवणी कळते, पण मी बोलायला गेले की सगळे इतक्या प्रेमानं हसतात की मी पुन्हा गप्प होते.

मामा गिरणीत साच्यांवर काम करतो. साचा म्हणजे माग, हे तिथल्या लहान मुलांनाही ठाऊक असतं; मला ते फार उशिरा कळलं. मामाचा खरा जीव मात्र चाळीच्या तळमजल्यावरच्या वाचनालयात. एका बाजूला व्यायामशाळेचा आखाडा, दुसऱ्या बाजूला पाच कपाटं. ते वाचनालय एका लोखंडी ट्रंकेत मावत होतं तेव्हापासून मामा त्याचा चिटणीस आहे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथं व्याख्यान होतं, एका थोर माणसाचं चरित्र. आखाड्याच्या मातीवर ताडपत्री, तिच्यावर सतरंज्या, टेबलावर थोर माणसाचा फोटो. अध्यक्ष फोटोला हार घालतात, उदबत्ती लावतात, दोन शब्द बोलतात, मग वक्ता उभा राहतो. यात कधी बदल होत नाही.

वक्ते मात्र तेव्हा फार बदलत. तेव्हा मुंबई महाराष्ट्राला मिळायची होती. वक्ता ठरायचा आणि व्याख्यानाच्या आधीच सत्याग्रहात तुरुंगात जायचा. त्या महिन्याचा वक्ता वर्तमानपत्रातला होता. तो गेल्याची बातमी आली त्या दिवशी आई आणि मी मामाकडेच होतो.

मामा आत येऊन पाटावर बसला आणि मामीनं दिलेला चहा न पिता पेल्याकडे बघत राहिला.

"आता कोणाक आणू?" तो म्हणाला. "आठ दिवस आसत."

मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तू काय वाचतंस गो हल्ली?"

मी सांगितलं, एक अमेरिकन बाई आहे, तिचं चरित्र. मामानं विचारलं कसली बाई, तर मी म्हटलं, लहानपणी गिरणीत होती, मग लेखिका झाली. त्यानं चहाचा पेला खाली ठेवला.

"गिरणीत? खयच्या खात्यात?"

"मागावर. साच्यावर."

मामानं आईकडे पाहिलं, आई माझ्याकडे, आणि मी चुलीकडे. पुढची दहा मिनिटं तो विचारत होता आणि मी एकेका वाक्यात उत्तरं देत होते. गाव कुठलं, पुस्तकं किती, जन्म कधीचा, फोटो आहे का. फोटो होता, पुस्तकाच्या वेष्टनावर. मृत्यू कधीचा, हे त्यानं विचारलं नाही. त्यानं ज्या ज्या लोकांची चरित्रं ऐकली होती ती सगळी माणसं वारलेली होती, त्यामुळे तो प्रश्न त्याला सुचलाच नसावा. आणि मला विचारलेलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही.

संध्याकाळी कमिटी बाहेर गॅलरीत जमली. मी आत मामीबरोबर तांदूळ निवडत होते, दार उघडंच होतं. एक चष्मेवाले गृहस्थ होते, महापालिकेच्या शाळेत मास्तर. त्यांचा आवाज सगळ्यात स्पष्ट ऐकू येत होता.

"आपण इथे मराठीच्या राज्यासाठी लाठ्या खातो, आणि व्याख्यानाला कोण, तर इंग्रजी शाळेतली मुलगी?"

"मराठीत बोलेल ती," मामा म्हणाला.

"बोलेल? अहो, तुमची भाची गेली चार वर्षं माझ्याशी 'नमस्कार'च्या पुढे गेलेली नाही."

बाकीचे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, खरंच होतं ते. पण मामाला लागलं.

"नाही बोलली तर चिटणीसपद सोडतो," तो म्हणाला. "लिहून देऊ?"

हसणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, "अरे तसं नाही रे," पण मास्तर म्हणाले, "लिहून नको. सगळ्यांनी ऐकलंय."

मामीनं ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भिया नको. तो रागान बोलता."

तो रागानं बोलतो, पण बोललेलं मोडत नाही, हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं. ट्रंकेपासूनचं त्याचं वाचनालय माझ्या तोंडावर येऊन बसलं होतं.

आठ दिवस मी लिहीत होते. चौदा पानं झाली. आई रोज रात्रीची जेवणं आटोपली की ती घेऊन बसे आणि ऱ्हस्व-दीर्घ नीट करी. मजकुराबद्दल ती काही बोलत नसे. एकदाच म्हणाली, "एवढे कठीण शब्द कुठून आणलेस?" ते शब्दकोशातले होते. माझ्या मते चांगलं मराठी म्हणजे जे मला स्वतःला बोलता येत नाही ते.

रविवारी दुपारी आम्ही ट्रामनं गेलो. लालबागला उतरून चाळीच्या तोंडाशी आलो तर तिथं रंगवलेला फळा उभा होता. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं. वर वाचनालयाचं नाव, खाली "चरित्र व कार्य", आणि मधे, मोठ्या अक्षरात, तिच्या नावाआधी "कै."

ती कैलासात कशी जाईल हा प्रश्न बाजूला ठेवला तरी ती अजून कुठेच गेलेली नव्हती. प्रस्तावनेच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं की ती गावाबाहेर नदीपलीकडच्या घरात राहते, सकाळी लिहिते आणि दुपारी कुणालाही भेटत नाही.

मी आईला काही म्हणणार तेवढ्यात मास्तर फळ्यापाशी आले.

"कसं काय, व्याख्यात्या?" ते म्हणाले. "पानं मोजून घेतलीत ना? मधलं एखादं राहिलं तर पंचाईत."

मी "हो" म्हटलं. मग ते आईशी बोलायला लागले आणि मी फळ्याकडे बघत राहिले. आत जाऊन मामाला सांगू, असं ठरवलं. आत गेले तर मामा सतरंज्या झटकत होता, त्याच्या कपाळावर घाम होता, आणि टेबलावर तिचा फोटो काचेच्या चौकटीत बसून तयार होता. मामानं तो स्वतःच्या हातानं कापून, बाजारातून चौकट आणून बसवला होता. पांढऱ्या केसांची बाई, खांद्यावर शाल, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. आमच्याकडे भिंतीवर ज्या नजरेनं माणसं लावलेली असतात, तशीच.

"बरो दिसता मां फोटो?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, हो. त्यानं मला विचारलं तेवढंच मी सांगितलं.

पाच वाजता आखाडा भरला. पुढे बायका आणि लहान मुलं, मागे पुरुष, दाराशी उभे असलेले वेगळे. अध्यक्ष होते एक म्हातारे विणकर, गिरणीतून निवृत्त झालेले, संपाच्या काळात तुरुंग पाहिलेले. पांढरी टोपी, हात लांब, बोटं जरा वाकलेली. त्यांनी उठून फोटोला हार घातला. झेंडूचा, जाड. उदबत्ती लावली. मामीनं पुढे होऊन काचेवर कुंकू लावलं. मग ते सभेकडे वळले आणि दोन शब्द न बोलता म्हणाले, "ही बाई गिरणीत राबून मोठी झाली. आपलीच म्हणायची. दोन मिनिटं उभे राहू या."

सगळे उठले. एवढी माणसं किती सहज उठली. त्या दिवसांत लालबाग-परळात दोन मिनिटं उभं राहायची सगळ्यांनाच सवय झाली होती. गोळीबारात गेलेल्यांसाठी मैदानात, कोपऱ्यावरच्या सभांत, शाळेत, गिरणीच्या दारात. लहान मुलंही हात बाजूला घेऊन नीट उभी होती. माझ्यासमोरच्या एका बाईनं कडेवरच्या पोराचं तोंड हळूच आपल्या खांद्यावर दाबलं, तो आवाज करू नये म्हणून.

मीही उभी होते. त्या बाईसाठी, जी त्या वेळी बहुतेक झोपेतून उठून लिहायला बसत असेल. मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. जिचं नाव त्यांना उच्चारताही येत नव्हतं तिच्यासाठी ही माणसं इतकी सरळ उभी होती की ते मधेच मोडायचा मला धीर झाला नाही. अध्यक्षांना सभेत खोटं पाडायचं, आणि फळा रंगवून घेणाऱ्या मामाला मास्तरांसमोर? मी ठरवलं की काही बोलायचं नाही. चौदाव्या पानावर तिच्या नदीपलीकडच्या घरापाशी थांबायचं आणि खाली बसायचं. खोटं बोललं असं होणार नाही.

मग मी वाचायला लागले.

पहिलं पान कुणाला ऐकू गेलं नाही. मागून आवाज आला, "जरा मोठ्यान, बाई." दुसरं पान ऐकू गेलं, पण त्यानं काही फरक पडला नाही. मी "वस्त्रोद्योग" म्हणत होते, "यंत्रचलित माग" म्हणत होते, "बालश्रमिक" म्हणत होते. पान उलटताना वर पाहिलं तर दोन माणसं भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, आणि मास्तर चष्मा पुसत होते. मामा दाराशी उभा होता. त्याच्या हातात सतरंजीचा एक सुटलेला धागा होता, तो बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता.

चौथ्या पानावर मी वाचलं, "तेथे ती यंत्रचलित मागाच्या धोट्यामध्ये मुखाने तंतू ओढून घेत असे."

अध्यक्षांनी मान वर केली.

"बाई, साचा म्हणा," ते म्हणाले. "इथे सगळ्यांना कळतो. आणि काय म्हणालात, तोंडानं?"

मी म्हटलं, "हो. धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा आत ओढायचा."

"तिथे पण?"

"तिथे पण."

ते हसले. मग उठून, लांब हाताची बोटं तोंडाशी नेऊन, श्वास आत घेऊन त्यांनी करून दाखवलं. "असंच ना? धोट्यातली सुताची कांडी बदलली की हरवेळी. दिवसातून शंभरदा. आणि धाग्याची धूळ पोटात."

"तिची आई त्याच खोकल्यानं गेली," मी म्हटलं. हे माझ्या पानांत पुढे होतं, नवव्या पानावर. पण तोंडून आत्ताच निघालं. निघालं तेव्हा ते "क्षयसदृश व्याधी" असं नव्हतं, नुसता खोकला होता.

सभेत कुजबुज झाली. भिंतीला टेकलेले सरळ बसले. कुणीतरी विचारलं, किती साचे चालवायची? मी म्हटलं, तिची आई सहा चालवायची. "सहा?" असा मागच्या रांगांमधून आवाज उठला, आणि मग तिकडच्या आणि इथल्या साच्यांच्या फरकावर दोघांमधे वाद सुरू झाला तो अध्यक्षांनी हातानं थांबवला. भोंगा होता का, एकानं विचारलं. भोंगा नाही, घंटा. पहाटे साडेचारला. मी पानं टेबलावर ठेवली. ठेवली असं आता म्हणते, पण तेव्हा ती माझ्या हातात नाहीत हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

दाराशी उभ्या असलेल्यांत एक जण होते, मामाच्या वयाचे, भोईवाड्याहून आलेले. ते म्हणाले, "आमच्या बापाला त्या खात्यात घेतलं नव्हतं. त्याच धाग्यापायी. आमच्या तोंडचा धागा दुसऱ्यांनी तोंडात कसा घालायचा, विटाळ होईल, म्हणून."

ते रागावून बोलले नाहीत, माहिती सांगावी तसे बोलले. माझ्या पुस्तकात हे नव्हतं. अध्यक्षांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "खरं आहे. आम्ही तिथेच होतो. आम्हीही तेव्हा काही बोललो नाही." मग त्यांनी दाराकडे बघून म्हटलं, "आत येऊन बसा ना. उभे का?" मामानं सतरंजीवर जागा करून दिली. ते आले, बसले, आणि मला म्हणाले, "हं. पुढे?"

मग मी पुढचं सांगितलं. ती शहरात कशी पळाली, प्रुफं कशी तपासली. "प्रुफं म्हणजे?" असं मुलं विचारतील म्हणून मास्तरांनीच मधे एका वाक्यात समजावलं. पहिल्या पुस्तकाचे पैसे आल्यावर तिनं स्वतःसाठी आधी एक दार घेतलं, आतून कडी लावता येईल असं, भाड्याच्या खोलीला बसवायला. या ठिकाणी बायका फार हसल्या. एक म्हणाली, "आमका पण होया तसलां." मग संपाची कादंबरी. ती लिहायला ती गावात परत गेली, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनाच ते आवडलं नाही. मालकांना आवडलं नाही ते तिला चाललं असतं. पण तिच्या आईबरोबर काम केलेल्या बायकांनी तिच्या दारावरून जाताना तोंड फिरवलं, कारण संप मोडून कामावर जाणाऱ्या एका बाईला तिनं पुस्तकात चांगलं दाखवलं होतं.

"मग?" मागून आवाज.

"मग तिनं बारा वर्षं काही लिहिलं नाही. पण गाव सोडून गेली नाही. नदीपलीकडे घर घेतलं आणि रात्रीच्या शाळेत गिरणीतल्या मुलांना वाचायला शिकवलं. त्याच बायकांच्या मुलांना."

"आणि ती बाई? संप मोडणारी?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांना तेच महत्त्वाचं वाटत होतं. मी सांगितलं की शेवटच्या कादंबरीत ती पुन्हा येते, म्हातारी होऊन. ते बराच वेळ मान हलवत राहिले.

माझं सांगून झालं होतं. नदीपलीकडच्या घरापाशी मी थांबले, ठरवल्याप्रमाणे. खाली बसणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतून मामीनं विचारलं. तिनं पदरानं डोळे पुसले होते, हे मी पाहिलं होतं.

"कशान गेली गो ती बाय?"

आता विचारलंच होतं. सगळे उत्तराची वाट बघत होते, आणि उत्तर चांगलं करुण असावं अशी त्यांची अपेक्षा चेहऱ्यांवर दिसत होती. मी मामाकडे पाहिलं. त्याच्या बोटाला धागा तसाच होता.

"गेली नाही," मी म्हटलं. "आहे ती."

"आसा म्हणजे?" मामीनंच विचारलं.

"जिवंत आहे. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. चूक माझी आहे, मामाची नाही. फळ्यावरचं 'कै.' चुकीचं आहे."

इतकी वाक्यं एका दमात मी मराठीत कधी बोलले नव्हते. मास्तरांनी चष्मा काढला. मामा अर्धा पुढे आला आणि थांबला.

"जिती आसा?" मामी म्हणाली. मग ती उठलीच. "अरे मगे हार काढा तो. आदी हार काढा. आयुष्य वाढलां बायचां."

तिथून पुढे सभा सभा राहिली नाही. सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. जिवंत माणूस मेल्याची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. किती वाढतं यावर होतं. अध्यक्षांनी स्वतः हार उतरवला आणि तो हातात घेऊन उभे राहिले, कारण आता तो ठेवायचा कुठे हे त्यांना कळेना. कुणीतरी म्हणालं, वक्त्या बाईंनाच घाला. मामी ओरडली, "पोरीच्या गळ्यात? खुळे काय तुमी?" शेवटी एका पोरानं तो व्यायामशाळेतल्या मारुतीच्या पायाशी नेऊन ठेवला, आणि मारुतीला काहीही चालतं यावर एकमत झालं. मामी वर जाऊन मूठभर मीठ-मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या घेऊन आली आणि तिनं फोटोची दृष्ट काढली. तीन वेळा, वरून खाली, ओठांत पुटपुटत. फोटोतली बाई बाजूला बघत होती. दुपारी कुणालाही न भेटणारी बाई ती, पण यावर तिनं आक्षेप घेतला नसता असं मला वाटतं.

"चिटणीस," मास्तर मामाला म्हणाले, "जिवंत बाईला तुम्ही कैलासवासी केलंत. वर्तमानपत्रात आलं असतं म्हणजे?"

अध्यक्ष म्हणाले, "आणि उभं कुणी केलं सगळ्यांना? मी. दोन मिनिटं फुकट नाही गेली हो. पुढे दीड तास बसायचं होतं, पाय मोकळे झाले."

त्यावर मोठा हशा झाला आणि मास्तरही हसले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून वही काढली. ती पुढच्या व्याख्यानांची वही, हे मला मागाहून कळलं.

"पुढच्या वेळी फळा रंगवायच्या आधी भाचीला विचारा," ते मामाला म्हणाले. "पुढच्या महिन्यात कुणी जेलमधून सुटेलसं दिसत नाही. काय हो, याल का?"

हे शेवटचं त्यांनी मला विचारलं होतं. मामा माझ्याकडे बघत होता. चिटणीसपद सोडायचा प्रश्न राहिला नव्हता, ते त्याला आणि मला दोघांनाही कळलं होतं, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि नंतरही कधी बोललं नाही.

"येईन," मी म्हटलं. आणि वाक्य अपुरं वाटलं म्हणून पुढे म्हटलं, "पण या वेळी लिहून आणणार नाही."

"नकाच आणू," मास्तर म्हणाले. "ते 'मुखाने तंतू' आम्हाला झेपत नाही."

आई बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली होती. ती पुढे आली, टेबलावरची माझी चौदा पानं गोळा केली, घडी घालून पिशवीत ठेवली, आणि जिन्याकडे चालायला लागली. मी तिच्या मागे. वर मामीनं बांगड्याचं तिखलं टाकलं होतं आणि भात शिजत होता. भोईवाड्याचे ते गृहस्थ, अध्यक्ष आणि आणखी चार-पाच जण मामाबरोबर गॅलरीत येऊन बसले, आणि त्यांनी दारातून मला हाक मारली. त्यांना ती संप मोडणारी बाई नीट कळली नव्हती. ती कामावर का गेली होती? पोटासाठी, की दुसरं काही होतं? पुस्तकात काय लिहिलंय?

मी उंबऱ्यात उभी राहून सांगायला लागले.

"उभ्यान काय सांगतंस?" मामी आतून म्हणाली. "बसान सांग. भात होवक वेळ आसा."

मी बसले. ती बाई कामावर गेली त्या सकाळी पाऊस नव्हता, बर्फ होतं, हे आधी सांगावं लागलं, आणि बर्फात चालताना पाय कसा पडतो ते. मला ते माहीत नव्हतं, मी पुस्तकात वाचलं होतं. पण कुणी ते विचारलं नाही. सगळे पुढे काय झालं ते ऐकत होते.